अक्का, शेंडे छाटून केस वाढत नाहीत

अक्का, तू जाऊन आज एकोणीस दिवस झाले आणि मी कालपर्यंत तुझ्यासाठी धड रडले नव्हते. बाया म्हणतात, अनिता दगडाची झाली. झाले असेन. रडायला बसलं की आधी राग येतो, आणि एकदा राग आला की रडू कुठल्या कुठं पळून जातं. तुझा राग येतो. माझा तर येतोच येतो.

तेराव्याला काय झालं ते तुला सांगायचं राहिलंय. पंगती उठल्या होत्या, बाया निंबाखाली बसल्या होत्या, मी ताटं गोळा करत होते. तर आपली शेजारची पार्वतीमावशी सुपारी कातरत म्हणते कशी, "शनवारी केस कापून घेत व्हती म्हणं मंगल. सवाष्णीनं शनवारी डोक्याला कात्री लावावी का? घराला भोवतं ते." दुसरी एक लगेच म्हणाली, "आन् कापणारी तरी कोण? घरातलीच." असं म्हणून दोघींनी माझ्याकडं बघितलं.

अक्का, मी हातातली ताटं तिथंच आपटली. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं ओरडले, "शनवारनं न्हाई मेली माझी बहीण! अंगातलं रक्त सरलं म्हणून मेली! दोन वर्सं तिच्या अंगावरून जात व्हतं, दोन वर्सं! कुणी इचारलं का तिला?" ओट्यावर दाजी बसले होते, आपले सासरे बसले होते, पाव्हणे बसले होते. ह्यांनी मला दंडाला धरून आत ओढलं आणि दात खाऊन म्हणाले, "पुरुष माणसं बसलीत अन् तू काय बोलून राहिलीस?"

बघ म्हणजे. तू मेलीस तरी त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. तेराव्याच्या पंगतीला तुझ्या मरणाचं खरं कारण सांगितलं तर घराची लाज गेली, आणि शनिवारच्या कात्रीनं मेलीस म्हटलं की सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण त्यांना तरी किती बोलू. तू स्वतः कुणाला सांगितलंस? आपण दोघी सख्ख्या बहिणी, एकाच घरात दिलेल्या, थोरल्याला तू आणि धाकट्याला मी. एका चुलीवर सात वर्षं भाकरी केल्या, वेगळ्या झालो तरी मधली भिंत एकच. डोक्यात ऊ झाली तर तू मला सांगायचीस. दाजींनी शिवी दिली तर सांगायचीस. तुझ्या लेकीच्या, वैशूच्या मोबाइलवर कुणाचा मेसेज आला, तेही मला ओढ्यावर गाठून सांगितलं होतंस. मग हे काहून नाही सांगितलं? महिन्यातले वीस-वीस दिवस कापडाच्या घड्या बदलत होतीस आणि मला पत्ता नाही? भिंतीच्या अलीकडं मी काय मेले होते?

तू मला एकच गोष्ट सांगितलीस. केसांची.

आठवडी बाजाराचा दिवस होता. नरसीला देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, नारळाच्या दुकानामागं माझा तो एवढासा पार्लरचा गाळा. दोन खुर्च्या, एक आरसा, आणि पडद्यामागं पाण्याची टाकी. भाजीची पिशवी दारात ठेवून तू खुर्चीत बसलीस, अंबाडा सोडलास आणि म्हणालीस, "अने, लई केस गळू राहिले गं. न्हातेवेळी मूठ-मूठ येतेत हातात."

मी काय केलं? तुझ्या डोळ्यांत बघितलं नाही. नखं बघितली नाहीत. कशी आहेस, झोप लागते का, जिना चढताना दम लागतो का, काही विचारलं नाही. वेणीचं टोक हातात घेतलं आणि गिऱ्हाइकाला सांगते तसं सांगितलं, "शेंडे फाटलेत. छाटले की जोर धरतेत."

"खरंच वाढतेत का गं त्यानं?"

"मी खोटं बोलते का?"

तू हसलीस आणि मान मागं टाकलीस. मी पाणी मारलं, कंगवा फिरवला, दोन बोटं शेंडे छाटले. तुझं तेवढ्यात समाधान झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा आलीस, त्याच्या पुढच्या महिन्यात पुन्हा. चंद्र वाढता असताना कापले की केस वाढतात म्हणून तू कॅलेंडर बघून पंधरवडा धरायचीस. अमावास्या नको, एकादशी नको. मला सुट्टी असायची शनिवारी, म्हणून तेवढा शनिवार तू चालवून घेतलास. आणि त्या शनिवारानंच म्हणे तू गेलीस! कापलेले शेंडे तू कागदात बांधून घरी न्यायचीस आणि परसात दोडक्याच्या बुडाशी पुरायचीस, म्हणजे वेलासारखे केस चढावेत. दोडका चांगला आला होता त्या साली. मांडवावरून पत्र्यावर गेला होता.

तुझ्यावर मी हसले नाही. मला सांग, कुठल्या तोंडानं हसणार होते? ह्या सगळ्या गोष्टी आपण दोघींनी एकाच आईच्या मांडीवर ऐकल्या. तुझे केस जन्मापासून दाट. माझे म्हणजे मक्याच्या कणसाला असतात तसे. आईनं माझा तीनदा गोटा केला. का, तर वस्तरा फिरवला की दाट येतात. न्हावीमामा पाटावर बसवायचा, मी किंचाळायचे, तू माझे दोन्ही हात धरून ठेवायचीस. पंधरा दिवसांनी खुंट यायचे, आई त्यावरून तळवा फिरवून म्हणायची, "बघ, कसे राठ लागून राहिले. आता येतेत बघ दाट." चार महिन्यांत पुन्हा ते मक्याचे. तिसऱ्या खेपेला मी चौथीत होते. शाळेत एक पोरगं रोज माझ्या डोक्यावर टपली मारायचं. तू सातवीत. मधल्या सुट्टीत तू त्याला हापश्याजवळ गाठलंस आणि असं काही बदडलंस, की त्याची आई आपल्या दारात भांडायला आली. आईनं तुला मारलं. तू रडली नाहीस. तेव्हापासून मला वाटायचं, अक्का आहे तोवर आपल्याला कुणी हात लावत नाही.

आणि खरंच, तू लावू दिला नाहीस. पार्लरचा कोर्स करायला मला नांदेडला जायचं होतं तेव्हा सासऱ्यांनी केवढा दंगा केला होता. "शेतकऱ्याच्या घरची सून लोकांचे केस कापत बसणार? न्हाव्याचं काम करणार?" तेव्हा तू चुलीपुढून उठलीस, पदर खोचलास आणि म्हणालीस, "मामा, न्हाव्याच्या हातनं तुमची दाढी चालते, मंग सुनेच्या हातनं बाईचे केस काहून चालत न्हाईत?" तुझ्याशिवाय कुणाची छाती झाली नसती. सहा महिने माझं दोन वर्षांचं लेकरू तू सांभाळलंस. मी शनिवारी यायचे तर ते माझ्याकडं यायचं नाही, तुझ्या मांडीतून बघायचं.

आणि गाळा उघडला त्या दिवशी एक बाई आत यायला तयार नव्हती. दारातून डोकावायच्या, तोंडाला पदर लावायच्या. तू भर दुपारी, सगळ्यांच्या देखत पहिल्या खुर्चीत येऊन बसलीस. गावात तुझ्यासारखे केस दुसरीला नव्हते. मांड्यांपर्यंत यायची वेणी. ती मोकळी सोडलीस आणि म्हणालीस, "काप." मी कात्री उचलली. चार बोटं कापले. दोन महिन्यांनी तूच गावभर सांगत फिरलीस, "अनीनं शेंडे काय छाटले, केस कसे भराभरा आले बघा." तुझे केस बघून बाया यायला लागल्या. साखऱ्याहून आल्या, पार सेनगावहून आल्या. मी पाटी नुसती लावली होती गं, खरी पाटी तू होतीस.

तुझे केस कात्रीनं वाढले नव्हते. तुझे केस तसेच होते. हे तुला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मग त्या डब्याची गोष्ट. आठवली की आता अंगावर काटा येतो. केसांवर भांडी देणारा माणूस मोटारसायकलवर यायचा ना, बाया वर्षवर्ष गुंतवळ साठवून त्याला द्यायच्या. कुणाला वाटी मिळायची, कुणाला चमचा. तू चार महिन्यांत पिशवी गच्च भरलीस. एवढा मोठा स्टीलचा डबा मिळाला तुला, कडीचा. सगळी गल्ली बघायला आली. पार्वतीमावशी म्हणाली, "मंगलचे गळलेले केसबी कामाचे गं बाई." तू डबा कडेवर घेऊन उभी, हसून राहिलीस. मीही हसले. मी तर म्हणाले, "अक्का, अजून एक पिशवी भर, मला पातेलं घे." म्हणाले की नाही? एका बाईच्या डोक्यावरून चार महिन्यांत पिशवीभर केस उतरले आणि तिच्या सख्ख्या बहिणीनं, जी दिवसभर केसांतच हात घालून बसते तिनं, पातेलं मागितलं!

तुझी वेणी करंगळीएवढी झाली तेव्हा, अक्का, मला बरं वाटलं होतं. थोडंसंच. एका क्षणापुरतंच. पण वाटलं. जन्मभर लोक आपल्याला शेजारी उभं करून म्हणायचे, मोठीचे केस बघा आणि हिचे बघा. त्या दिवशी आरशात आपण दोघी सारख्या दिसत होतो. हे मी कुणाला सांगणार नव्हते. तुला सांगते आहे, कारण तू आता मला बदडायला येऊ शकत नाहीस.

तू कच्चे तांदूळ खायचीस. निवडता निवडता मूठभर तोंडात. मी म्हणायचे, "काय गं, डोहाळे लागले का म्हातारपणी?" तू लाजायचीस. नंतर नंतर भाजलेल्या मातीचे खडे तुझ्या पदराला बांधलेले दिसायचे. ओढ्याचा चढ चढताना तू मध्येच बसायचीस, म्हणायचीस, चप्पल चावते. यंदा हळद निघाली. हळद शिजवून, वाळवून, आपण सगळ्या बाया खळ्यावर निवडायला बसलो. त्या दिवसांत आपल्याकडं कोण पिवळं नसतं? हात पिवळे, तोंड पिवळं, लुगड्याचा काठ पिवळा. तुझं तोंड पांढरंफटक पडून पिवळं झालं होतं, ते हळदीत मिसळून गेलं. सगळ्या म्हणाल्या, मंगलला हळद चढली. पंधरा बायांत एकीलाही कळलं नाही. तू हळदीच्या ढिगावर आडवी झालीस तेव्हाही पहिल्यांदा सगळ्या हसल्याच. वाटलं, थट्टा करते.

हिंगोलीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तुझी खालची पापणी ओढून बघितली आणि त्यांचा चेहराच बदलला. रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन बाराच्या जागी तीन. "तीनवर बाई चालत कशी होती?" त्या मलाच विचारायला लागल्या. मग त्यांनी तुला विचारलं, पाळी कशी जाते. तू दाजींकडं बघितलंस. दाजींना बाहेर पाठवलं, तरी तू गप. मी म्हणाले, "अक्का, बोल ना." तू माझा हात ओढून कान तोंडाजवळ घेतलास आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते बोललीस, "अने, दोन वर्सं झाली. थांबतच न्हाई. महालक्ष्म्या बसवल्या ना मी, दोन्ही साली, तशातच बसवल्या. कुणाला सांगू नको."

अगं बाई! म्हणून होय? म्हणून दोन वर्षं तोंड शिवून बसलीस? घरातली थोरली सून तू. महालक्ष्म्या तूच बसवायच्या, पुरण तूच घालायचं, दिवा तूच लावायचा. बाहेरची आहे म्हटलं असतं तर महिन्यातले वीस दिवस बाजूला बसावं लागलं असतं, आणि सणाला सासूबाईंनी आकांत केला असता. म्हणून तू खोटं बोललीस, शुद्ध आहे म्हणालीस, देवीला हात लावलास. आणि मग केस जायला लागले तेव्हा तुला वाटलं ही शिक्षाच आहे. शिक्षा कुणाला दाखवतात का? फक्त केस दाखवता येत होते. पदराखालचं सांगता येत नव्हतं, डोक्यावरचं सांगता येत होतं. तू माझ्या खुर्चीत येऊन केसांबद्दल बोलायचीस तेव्हा तू तेच सांगत होतीस, आणि मी कॅलेंडर बघून तारीख देत होते.

डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या. म्हणाल्या, "अंगात रक्त नसलं की केस आधी जातात. केस किती दिवसांपासून गळतायत?"

मी म्हणाले, "दोन वर्षं."

"मग दोन वर्षं काय केलं तुम्ही?"

"शेंडे छाटले."

त्यांना वाटलं मी त्यांची चेष्टा करते. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. त्यांनी रक्ताच्या दोन पिशव्या लावल्या, नांदेडला न्यायला सांगितलं, गाडीसुद्धा त्यांनीच बोलावली. कुणी काही कसूर केली नाही. पण तुझ्या काळजानं दोन वर्षं पाण्यावर काम केलं होतं, ते थकलं होतं. रस्त्यातच तू माझा हात सोडलास. शेवटचं काय बोललीस ठाऊक आहे? "वैशूला केस कापू देऊ नको, लग्नाची हाय." एवढं होऊनसुद्धा केसच!

आता ऐक. जे मी तेराव्याला ओरडले नाही ते आता सांगते.

मला माहीत होतं, अक्का.

मी अडाणी नव्हते. नांदेडच्या कोर्सला तिसऱ्याच आठवड्यात मॅडमनी सांगितलं होतं, डोक्याबाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला तुम्ही कापला काय आणि ठेवला काय, कळत नाही. वाढ मुळाशी होते, कातडीच्या आत, तिथं ना कात्री पोचते ना वस्तरा. शेंडे छाटले की फाटणं थांबतं, कडा सरळ दिसते, म्हणून दाट वाटतात, बस. वस्तऱ्यानं टोक बोथट होतं म्हणून खुंट राठ लागतात. मी ऐकून माझ्याच डोक्यावरून हात फिरवला होता, तीनदा उगाच किंचाळले म्हणून. हेही सांगितलं होतं, की एखादीचे केस मुठीनं गळायला लागले तर कात्री लावू नका, आधी रक्त तपासायला पाठवा. हे मी वहीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली. मग एकीनं विचारलं, "गिऱ्हाइकानं विचारलं, वाढतील का, तर काय सांगायचं?" मॅडम हसून म्हणाल्या, "वाढतील म्हणून सांगा. दर तीन महिन्यांनी येतील." सगळा वर्ग हसला. मी सगळ्यात जोरात हसले.

तुला मी कसं सांगणार होते? तूच तर गावभर सांगत होतीस, अनीच्या कात्रीनं केस वाढतात. तुला खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तेही गावभर सांगितलं असतंस, तुझ्या पोटात काय राहायचं नाही. असं मी धरून चालले होते, तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून! मला वाटलं, गाळा बंद पडेल. पुन्हा चुलीपुढं बसावं लागेल, पुन्हा सासऱ्यांचं ऐकावं लागेल. म्हणून दोन वर्षं तुला खुर्चीत बसवलं, गळ्याला कापड बांधलं आणि जिवंत माणसाचे मेलेले शेंडे कापत राहिले.

मला तुझा राग येतो तो हाच, की तू माझ्यावर विश्वास ठेवलास. इतका ठेवायचा असतो का कुणावर?

परवा गाळा उघडला. पहिली कोण आली असेल? तुझी वैशू. कॉलेजातून परस्पर आली, बॅग कोपऱ्यात टाकली, खुर्चीत बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "मावशी, माझेबी केस गळू राहिले. आई गेल्यापासून न्हाई, आधीपासून. जरा शेंडे काप ना, वाढतेत."

अक्का, तुझाच आवाज. माझ्या हातात कात्री होती. सवयीनं जीभ वळली होती, शपथेवर सांगते. अर्धं वाक्य तोंडात आलं होतं.

मी कात्री खाली ठेवली. म्हणाले, "कापून केस वाढत न्हाईत, वैशू. कापल्यानं काहीच होत न्हाई. मुळातून येतेत ते. रक्त कमी आसल तर गळतेत. आधी रक्त तपासू."

तिनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "आईचे तर कापत व्हतीस."

"व्हय."

"तवा तुला माहीत नव्हतं?"

मी नाही म्हणू शकत होते. कोण तपासायला येणार होतं? तिला आई नाही, आता मीच आहे तिला. नाही म्हटलं असतं तर ती माझ्या कुशीत येऊन रडली असती, मीही रडले असते एकदाची.

"माहीत व्हतं," मी म्हणाले.

तिनं गळ्याचं कापड स्वतःच सोडलं, नीट घडी करून खुर्चीच्या हातावर ठेवलं, बॅग उचलली. दारात थांबून फक्त म्हणाली, "मंग तिला काहून सांगितलं न्हाई?" मी तिला गाळ्याचं सांगितलं, सासऱ्यांचं सांगितलं, गिऱ्हाइकाचं सांगितलं. माझ्याच कानाला ते इतकं हलकं वाटत होतं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. काल दिवसभर भिंतीपलीकडून आवाज नाही. मी भाकर दिली ती उंबऱ्यावरच ठेवलेली दिसली.

आज सकाळी दारात उभी. माझ्याकडं न बघता म्हणाली, "दवाखान्यात जायचं म्हणत व्हतीस." बसमध्ये माझ्या शेजारी बसली नाही, पुढच्या बाकावर बसली. हिंगोलीच्या त्याच दवाखान्यात गेलो. बाकड्यांवर ही गर्दी, निम्मे पुरुष. टेबलावरची सिस्टर तिथंच, सगळ्यांपुढं, नाव-वय लिहून घेत होती. सिस्टरनं मान वर न करता विचारलं, "पाळी किती दिवस?"

समोरच्या बाकड्यावरचा माणूस मोबाइलमधून वर बघायला लागला. मी पुढं झाले, म्हणणार होते, बाई, हळू, आत विचारा. वैशूनं मला हातानं मागं सारलं.

"नऊ दिवस," ती म्हणाली. आवाज एवढासाही खाली केला नाही. "लई जातं. चौथ्या-पाचव्या दिवशीबी घड्या बदलाव्या लागतेत. सहा महिने झाले. आईलाबी तसंच व्हतं, ती त्यानंच वारली."

सिस्टरनं लिहून घेतलं. बस, नुसतं लिहून घेतलं आणि रक्त काढायला आत पाठवलं. कुठं आभाळ कोसळलं नाही, कुणाची लाज गेली नाही, तो माणूस पुन्हा मोबाइलमध्ये बघायला लागला. मी बाकड्यावर बसले आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदा ढसाढसा रडले, अक्का. एवढंच बोलायचं होतं गं तुला. आणि मला एवढंच विचारायचं होतं.